मोडीतलं पितळ घरी आणताय? आधी कल्हईचं गणित समजून घ्या

सध्या फोनवर बोट फिरवलं की दर चार-पाच रील्समागे एक तरी पितळेचं रील येतंच. दारात पाण्याने भरलेलं मोठं पितळी भांडं, त्यात तरंगणारी झेंडूची फुलं आणि दोन दिवे. नाहीतर लाकडी फळीवर ओळीने मांडलेले पितळी डबे आणि शेजारी मनीप्लांट. खाली सगळ्यांचा एकच प्रश्न: केवढ्याला मिळालं?

आकडा ऐकला की घाम फुटतो. 'व्हिंटेज' आणि 'अँटिक' अशी दोन लेबलं लागली की भांड्याची किंमत वजनाला सोडून कुठल्या कुठे जाते. गंमत म्हणजे रीलमध्ये 'उरळी' म्हणून जे दाखवतात तो केरळचा पसरट भांड्याचा प्रकार आहे, आणि आपल्याकडे त्याच कामाला चालेल असं घंगाळ घरोघरी होतं. आंघोळीचं पाणी काढायचं, दोन्ही बाजूंना कड्या असलेलं, रुंद तोंडाचं. ते तुमच्या आजीच्या माळ्यावर उपडं पडलेलं असण्याची शक्यता बरीच आहे.

पितळ ही दुर्मीळ गोष्ट आहे, जी एकाच वेळी घरही सजवते आणि जेवणही चांगलं करते. तीच वस्तू सोमवारी खिरीसाठी आणि दिवाळीत फुलांसाठी. पण स्वयंपाकात वापरायची असेल तर एक अट आहे आणि ती अट लोक सर्रास विसरतात. रील बघून जुनं पातेलं विकत आणायचं, चिंचेने लख्ख घासायचं आणि त्याच संध्याकाळी त्यात टोमॅटोचं सार करायचं, हा प्रकार पोटाला महागात पडू शकतो. तेव्हा सजावटीकडे जाण्याआधी हे प्रकरण नीट समजून घेऊ.

'कळकलं' म्हणजे नक्की काय झालं?

जुन्या बायकांच्या तोंडी एक शब्द असायचा: कळकणं. "ताक पितळेच्या भांड्यात ठेवू नको, कळकेल." आता हा शब्द फारसा ऐकू येत नाही, कारण स्टीलमध्ये काहीच कळकत नाही. पण या एका शब्दात रसायनशास्त्राचा अख्खा धडा आहे.

पितळ म्हणजे तांबं आणि जस्त यांचं मिश्रण. आंबट पदार्थ उघड्या पितळेला किंवा तांब्याला लागला की धातूचा थोडा अंश त्यात उतरतो. ताक, दही, चिंच, आमसूल, लिंबू, टोमॅटो, सगळे त्यात आले. पदार्थाला हिरवट झाक येते, तोंडात नाणं धरल्यासारखी चव लागते. जास्त प्रमाणात पोटात गेलं तर मळमळ, उलट्या, पोटात मुरडा. शरीराला तांबं लागतं, पण अगदी थोडं. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे २ मिलिग्रॅमपेक्षा जास्त तांबं नसावं, असं जागतिक आरोग्य संघटनेचं मार्गदर्शक प्रमाण आहे.

किती आंबट म्हणजे धोक्याचं? आंबटपणा मोजायचं माप म्हणजे सामू, ज्याला आपण पीएच म्हणतो. आकडा जितका कमी तितका पदार्थ आंबट. अमेरिकेच्या अन्नसुरक्षा नियमावलीत स्पष्ट म्हटलंय की सामू ६ च्या खाली असलेला पदार्थ उघड्या तांब्या-पितळेच्या संपर्कात येऊ नये. आता आपल्या स्वयंपाकघराकडे बघा. दुधाचा सामू साधारण ६.६, म्हणजे ते थोडक्यात सुटलं. टोमॅटो चारच्या आसपास, दही-ताक साडेचारच्या जवळपास, चिंच तर त्याहून खूप खाली. म्हणजे आमटी, सार, कढी, सोलकढी, पंचामृत सगळे नापास.

पंचामृतावरून आठवलं. पूजेच्या वेळी तांब्याच्या किंवा पितळेच्या वाटीत दही-मध घालून पंचामृत करतात, मग आरती होते, मग गप्पा होतात आणि तासाभराने तेच तीर्थ म्हणून हातावर येतं. चांदीच्या किंवा स्टीलच्या वाटीत करा की! देवाची काही तक्रार नसावी.

हे फक्त परदेशी नियमात आहे असंही नाही. आपल्याकडच्या १९५५ च्या अन्नभेसळ प्रतिबंधक नियमांतच, नीट कल्हई न केलेली तांब्या-पितळेची भांडी अन्नासाठी अयोग्य ठरवली होती. साखरेच्या मिठाईला मात्र त्यातून सूट होती, कारण साखरेचा पाक आंबट नसतो. मिठाईवाल्याकडची ती भलीमोठी उघडी तांब्याची कढई त्या सवलतीतली.

मग प्रश्न पडतो की आपल्या पणज्या आमटी कशात करत होत्या? उत्तर आहे कल्हई.

कल्हईवाला नेमकं करायचा काय?

पन्नाशीच्या पुढच्या माणसांना विचारा, ते आवाज काढूनच दाखवतील: "कल्हईऽऽऽय". वाड्याच्या चौकात किंवा झाडाखाली जमिनीत छोटासा खड्डा, त्यात कोळसे, शेजारी हाताने चालवायचा भाता, आणि भोवती शाळा सुटलेली पोरं. काळं पडलेलं पातेलं निखाऱ्यावर गेलं की दोन-तीन मिनिटांत आतून चांदीसारखं होऊन बाहेर यायचं. फुकटातला जादूचा प्रयोगच.

त्या जादूमागचं गणित असं. कल्हई म्हणजे भांड्याच्या आतून दिलेला कथलाचा पातळ थर. तांबं वितळायला सुमारे १०८५ अंश सेल्सिअस लागतात, पितळेला त्याहून थोडे कमी, पण ९०० च्या आसपास. कथील मात्र २३२ अंशांलाच पाणी होतं. त्यामुळे भांड्याला धक्काही न लागता त्यावर कथील वितळवून पसरवता येतं.

पण कथील मळक्या धातूला चिकटत नाही. म्हणून भांडं आधी आम्लाने नाहीतर वाळूने घासून स्वच्छ करतात. मग ते तापवून त्यात नवसागराची पूड टाकतात. भसकन पांढरा धूर निघतो आणि नाकात झिणझिण्या येतात. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. तापल्यावर त्यातून निघणारे वायू धातूवरचा गंज खाऊन टाकतात आणि खालचा कोरा धातू उघडा पडतो. नेमक्या त्याच क्षणी कथलाची कांडी टेकवायची आणि कापसाच्या बोळ्याने तो वितळलेला थेंब सगळीकडे फिरवायचा. हात जरा रेंगाळला की थर जाडाभरडा होतो, घाई केली की मधे मधे पितळ दिसत राहतं. शेवटी भांडं पाण्यात बुडवायचं. चर्र!

कथलावर आंबट पदार्थांचा फारसा परिणाम होत नाही, त्यामुळे आता त्याच पातेल्यात आमटी बिनधास्त करता येते. 'पितळ उघडं पडलं' असं आपण सोंग उघडकीला आल्यावर म्हणतो. इथे मात्र ते शब्दशः घ्यायचं: आतून पिवळा किंवा लालसर ठिपका दिसायला लागला की कल्हई संपली. रोजच्या वापरात वर्षातून एकदा तरी, खूप वापर असेल तर दोनदा कल्हई करावी लागते.

एक सावधगिरी. शिसं कथलापेक्षा स्वस्त असतं आणि दिसायला थोडंफार तसंच. कल्हईत शिसं मिसळलं असेल तर सगळं मुसळ केरात, कारण शिशाची सुरक्षित अशी पातळीच नाही, आणि लहान मुलांना त्याचा धोका सगळ्यात जास्त. म्हणून कल्हई समोर उभं राहून करून घ्या, शुद्ध कथील वापरा म्हणून आधीच सांगा आणि त्याचे जास्त पैसे मागितले तर कुरकुर करू नका. कथलाची एक मजेशीर खूण आहे: त्याची कांडी कानाजवळ धरून वाकवली तर बारीक चरचर असा आवाज येतो. शिसं मुकाट्याने वाकतं. ही काही प्रयोगशाळेतली चाचणी नव्हे, पण कल्हईवाल्याला विचारून बघा. जाणकार असेल तर तो खूश होऊन स्वतःच वाकवून दाखवेल.

हे कल्हईवाले आता कमी झालेत, हे खरंच. पण संपलेले नाहीत. गावातल्या जुन्या भांड्यांच्या पेठेत जाऊन कुठल्याही दुकानदाराला विचारा, तो पत्ता सांगतो, नाहीतर भांडं ठेवून घेऊन दोन दिवसांनी कल्हई करून देतो. मोठ्या सोसायट्यांमध्ये पाच-दहा घरांनी मिळून कल्हईवाल्याला एक दिवस बोलावलं तर त्यालाही परवडतं आणि तुम्हालाही.

एवढा खटाटोप कशासाठी? चवीसाठी!

पितळ वापरलं की जेवणातून 'सगळे रोग बरे होतात' वगैरे फॉरवर्ड तुमच्याकडेही आले असतील. ते बाजूला ठेवा. पितळेचा खरा फायदा साधा आहे आणि तो तव्यावर, पातेल्यात डोळ्यांनी दिसतो: उष्णता सगळीकडे सारखी पसरते.

स्टील हा उष्णतेच्या बाबतीत आळशी धातू. पितळ त्याच्या साधारण सातपट वेगाने उष्णता पुढे ढकलतं आणि तांबं पंचवीसपट. म्हणून स्टीलच्या पातेल्यात ज्योतीच्या बरोबर वर खीर लागते आणि कडेला नुसतीच कोमट राहते. जाड बुडाच्या पितळी पातेल्यात असा जळका गोल पडत नाही. दूध आटवायचं असेल, बासुंदी करायची असेल, पुरण शिजवायचं असेल किंवा गव्हाची खीर रटरटायची असेल, तर फरक पहिल्याच दिवशी कळतो. ढवळत उभं राहायचं काम निम्मं होतं. आणि हे पदार्थ तसे स्वस्तातलेच आहेत. हरभऱ्याची डाळ, गूळ, दूध, गहू. महागडं काहीच नाही, फक्त मंद आच आणि वेळ.

साधं वरण घ्या. तूरडाळ, हळद, हिंग, मीठ आणि वरून साजूक तूप. कल्हईच्या पातेल्यात ते बराच वेळ गरम राहतं, पंगतीत शेवटच्या माणसापर्यंत वाफाळतं जातं. पातेल्याच्या जाडीचा आणि वजनाचाच तो परिणाम.

आता फोडणीचं. मघाचा २३२ हा आकडा लक्षात आहे ना? तेल धूर येईपर्यंत तापवलं की ते दोनशे अंशांच्या पुढे जातं आणि कल्हई वितळायच्या जवळ पोचते. रिकामं पातेलं गॅसवर ठेवून विसरलात तर कथलाचे थेंब जमलेले दिसतील. म्हणून कल्हईच्या भांड्यात कडकडीत फोडणी करू नये. लोखंडी पळीत वेगळी फोडणी करून वरणावर चर्रकन ओतायची आपल्याकडे जी पद्धत आहे, ती या भांड्यांच्या अगदी पथ्यावर पडणारी आहे. आणि अशी वरून घेतलेली फोडणी चवीलाही काकणभर सरस लागते, हे माझं ठाम मत.

कल्हईवर स्टीलचा उलथना खरवडू नका, लाकडी डाव वापरा. तारेच्या घासणीला तर जवळ येऊ देऊ नका. कथील नखाने ओरखडा उठेल इतकं मऊ असतं. उरलेली भाजी रात्रभर त्यातच ठेवायची सवय असेल तर तीही सोडा, काढून काचेच्या किंवा स्टीलच्या डब्यात ठेवा. आणि हो, तुमच्याकडे इंडक्शनची शेगडी असेल तर हे सगळं वाचून उपयोग नाही. नेहमीच्या इंडक्शनवर तांबं-पितळ तापत नाही. त्याला ज्योतच पाहिजे.

तांब्याच्या हंड्यातल्या पाण्याबद्दलही लोक विचारतात. तिथे थोडं तथ्य आहे. बंगळुरूच्या संशोधकांनी २०१२ मध्ये दाखवलं होतं की तांब्याच्या भांड्यात १६ तास ठेवलेल्या पाण्यातले जुलाबाचे जिवाणू मरतात, आणि पाण्यात उतरलेलं तांबं जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेच्या बरंच खाली राहतं. साधं पाणी चालतं. त्यात लिंबू पिळून 'डिटॉक्स' करायला गेलात की मघाचं कळकणं सुरू.

स्वस्तात मिळतं कुठे?

सगळ्यात स्वस्त दुकान म्हणजे नात्यातला माळा. स्टील आल्यावर पितळेची भांडी धडाधड मोडीत गेली. घासायला हलकं, कल्हईची कटकट नाही, आंबट-गोड काहीही ठेवा. बायकांचे घासून घासून काळे झालेले हात बघितले तर तो निर्णय चुकीचा होता असं कुणी म्हणू नये. पण सगळ्यांनी सगळं मोडलं नाही. हंडा, कळशी, घंगाळ, परात अशी मोठी भांडी बऱ्याच घरांत 'असू दे' म्हणून वर टाकलेली असतात. गावाला गेलात की नुसतं "काकू, माळ्यावर काय आहे?" एवढं विचारा. भांडं मिळेलच असं नाही, पण त्यामागची गोष्ट तरी नक्की मिळेल.

बाजारातून घ्यायचं तर भांड्यांच्या जुन्या पेठा गाठा. पुण्यात कसबा पेठेतली तांबट आळी प्रसिद्ध आहे. पेशव्यांच्या काळात वसलेली ही कारागिरांची वस्ती, आणि तिथलं मठारकाम, म्हणजे हातोडीने ठोकून पत्र्यावर उठवलेले चमकते खळगे, आजही ओळखू येतं. ते खळगे नुसते शोभेचे नसतात, ठोकल्यामुळे पत्रा घट्ट आणि मजबूत होतो. पुण्यातच बुधवारी आणि रविवारी जुना बाजार भरतो. मुंबईत पायधुनीचा तांबाकाटा आहे, चोर बाजारातली मटण स्ट्रीट आहे (शुक्रवारी तिथली दुकानं बंद असतात, उगाच फेरी मारू नका), आणि नाशिकला भांडी बाजार.

पण खरी किफायत एका वेगळ्याच ठिकाणी आहे. नव्या भांड्यांचा दुकानदार जुनं पितळ मोडीत घेतो, म्हणजे वजनावर पैसे देतो किंवा नव्या भांड्यात वळते करतो. ती मोड पुढे वितळवायला जाते. जाण्याआधी ती दुकानाच्या मागच्या बाजूला पोत्यात पडलेली असते. "मोडीतलं काही चांगलं आहे का बघू?" असं विचारलं की काही दुकानदार खुशाल पोतं पुढे करतात. मोडीच्या भावावर थोडे चढवून ते भांडं तुम्हाला मिळतं आणि 'अँटिक' हा शब्द मधे कुठेच येत नाही.

भाव करताना एकच नियम: आधी वजन. त्या दिवशीचा पितळेच्या मोडीचा भाव भंगारवाल्याला विचारून ठेवा, तो रोज बदलतो. समजा तो किलोला ५०० रुपये आहे आणि घंगाळ ४ किलोचं आहे. म्हणजे नुसत्या धातूचे २००० रुपये झाले. विकणारा ३००० म्हणाला तर वरचे हजार घडणीचे आणि त्याच्या नफ्याचे, ठीक आहे. तो ९००० म्हणाला तर ते सात हजार कशाचे, हे त्याला हसत विचारायचा तुम्हाला हक्क आहे. उलट मोडीपेक्षाही कमी भावात देत असेल तर मात्र सावध व्हा. एकतर वस्तू पितळेची नाही, नाहीतर त्याची नाही.

पितळ ओळखायला खिशात एक चुंबक ठेवा. चिकटला तर आत लोखंड आहे आणि वर पितळेचा मुलामा. पण चुंबक चिकटला नाही म्हणजे पितळच, असं नाही हं. जर्मनच्या भांड्याला, म्हणजे ॲल्युमिनियमला, पिवळा रंग दिला असेल तरी चुंबक चिकटत नाही. म्हणून हातात वजन घेऊन बघा आणि बुडाला कोपऱ्यात थोडं खरवडा. खालून पांढरट धातू निघाला तर भांडं परत ठेवा. टिचकी मारल्यावर घंटेसारखा लांबच लांब आवाज घुमला तर ते कदाचित कासं असेल, म्हणजे तांबं आणि कथलाचं मिश्रण. ज्याच्या वाटीने तळपायाला तूप चोळतात, ते. कासं दिसतं दणकट, पण पडलं तर काचेसारखं तडकतं, आणि ज्योतीवर तर ठेवायचंच नाही.

आणि भांडं उलटसुलट करून आतून बघा. कुठे करड्या रंगाचा ठिगळासारखा डाख दिलेला दिसला, म्हणजे भोक बुजवलेलं दिसलं, तर त्या डाखात शिसं असू शकतं. असं भांडं फुलांसाठी घ्या, खिरीसाठी नाही.

आता घर सजवू

भाड्याच्या घरात भिंतीला खिळा ठोकायची परवानगी नसते, रंग बदलता येत नाही, फर्निचर केलं तर घर सोडताना त्याचं काय करायचं हा प्रश्न. अशा घरात पितळ कामी येतं ते याचमुळे. नुसतं ठेवायचं, उचलायचं, पुढच्या घरी न्यायचं. आणि कंटाळा आला तर धातूची किंमत हातात परत मिळते. प्लायवूडच्या शोकेसबद्दल असं बोलून दाखवा!

मला विचाराल तर पितळ कमी ठेवा, पण मोठं ठेवा. बारीकसारीक वीस वस्तू मांडल्या की घराचं प्रदर्शन होतं आणि धूळ पुसता पुसता जीव जातो. त्यापेक्षा दाराशी एकच घंगाळ, किंवा कोपऱ्यात एक तांब्याचा बंब. बंबाच्या डोक्यावर काही ठेवायची गरजच नाही, तो स्वतःच एवढा रुबाबदार असतो. कळशीत किंवा चरवीत चार सोनचाफ्याच्या डहाळ्या नाहीतर बाजारातून आणलेली निशिगंधाची जुडी ठेवा. झाड लावायचं असेल तर माती थेट पितळेत भरू नका. ओल्या मातीने धातू डागाळतो आणि पाणी निघून जायला भोक नसल्याने झाडाची मुळंही कुजतात. प्लास्टिकची कुंडी आत ठेवा, बाहेरून कुणाला कळत नाही. पितळी डबे असतील तर त्यांना शोपीस करण्यापेक्षा त्यात रवा, पोहे, डाळी भरा. कोरड्या जिनसांना कल्हई लागत नाही आणि फळी आपोआप सजते.

पाण्यात फुलं तरंगवायची तर पाणी रोज बदला. डासांची अळी पितळ-तांब्याचं बघत नाही.

प्रकाशाचाही विचार करा. ट्यूबलाइटच्या पांढऱ्या उजेडात पितळ फिकट आणि थंड दिसतं. तेच पिवळसर बल्बखाली ठेवलं तर खोली उबदार वाटायला लागते. बल्ब शंभर-दीडशे रुपयांचा, परिणाम हजारांचा.

इथे उलट्या बाजूची एक गोष्ट. सजावटीसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या नव्या पितळी वस्तू, ज्यातल्या बऱ्याचशा उत्तर प्रदेशातल्या मुरादाबादहून येतात, त्यांच्यावर चकाकी टिकावी म्हणून अनेकदा लाखेचा किंवा वार्निशचा पारदर्शक थर असतो. त्या वाटीत पाहुण्यांना खारे दाणे दिलेत तरी थोडक्यात निभावेल, पण गरम, ओलं किंवा आंबट काही वाढू नका. शोभेचं ते शोभेलाच.

घासायचं कसं? चिंच आणि मीठ, किंवा लिंबाची साल, नाहीतर पितांबरी. आंबट पदार्थ गंज विरघळवतो, म्हणजे जी गोष्ट आमटीत घडू नये तीच इथे मुद्दाम घडवायची. मात्र फक्त बाहेरून. घासून झालं की भरपूर पाण्याने धुवा आणि लगेच कोरड्या फडक्याने पुसा, आपोआप वाळायला ठेवलं तर पाण्याचे ठिपके उमटतात. आणि दर आठवड्याला घासलंच पाहिजे असंही नाही. जुन्या पितळेवर चढणारा तपकिरी रंग अनेकांना चकाकीपेक्षा जास्त आवडतो. फक्त कुठे हिरवी पूड धरली असेल तर ती काढायची, तो गंज आहे.

एवढं करून भांडं घरी आलं की घासायच्या आधी त्याचा काठ आणि पोट नीट तपासा. जुन्या भांड्यांवर बारीक ठिपक्यांनी कोरलेलं नाव असतं: कुणाच्या लग्नात, कुणी, कुणाला भेट दिलं, कधीकधी गाव आणि तारीखही. वर्षानुवर्षांच्या घासण्याने ती अक्षरं पुसट होतात. वाचायची असतील तर त्यावर थोडी टाल्कम पावडर चोळून फडक्याने हलकेच पुसा आणि खिडकीपाशी तिरका धरा. ठिपक्यांत पावडर अडकते आणि नाव पांढरं उमटतं.